एका पेशीचा दोष

'क्रोमोसोम' हा शब्द मी नोकरीभर कागदावर लिहीत आले आणि नोकरीभर त्याच शब्दावरून लोकांशी भांडत आले. गुणसूत्रांत बिघाड आहे असं रिपोर्टात आलं की घरच्यांचा पहिला प्रश्न औषधाचा नसतो. 'हे आलं कुणाकडून?' असा असतो. मग चौकशी सुनेच्या माहेरापर्यंत जाते, कुणाची आजी कशानं गेली ते उकरून काढलं जातं, आणि ज्याला आजार झालाय तो कॉटवर छताकडे बघत पडून राहतो.

मी पॅथॉलॉजिस्ट. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत माझं कामाचं आयुष्य गेलं. आता निवृत्त आहे. दिवाळी अंकासाठी चार हृद्य आठवणी द्या, असा निरोप आला. हृद्य असं माझ्याकडे फार नाही. राग पुष्कळ आहे. त्यातला सगळ्यात मोठा राग सिद्राम माळगे या गृहस्थांच्या बाबतीतला आहे, तो लिहिते. नावं बदलली आहेत. लिहा असं त्यांच्या मुलीनंच, भाग्यश्रीनं, सांगितलं. 'मॅडम, फक्त गोड करून लिहू नका,' एवढी तिची अट.

माळगे चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर होते. गाव अक्कलकोटच्या पलीकडचं, घरात निम्मं मराठी, निम्मं कानडी. तरुणपणीच शहरात आले आणि शुक्रवार पेठेत एका बोळात भाड्यानं राहिले ते राहिलेच. घरात बायको महानंदा आणि एकुलती एक भाग्यश्री. ती बी.कॉम. करून चादरींच्या एका दुकानाच्या ऑफिसात कामाला होती, आणि तिचं लग्न ठरलं होतं.

पन्नाशी ओलांडल्यावर माळग्यांच्या पाठीवर एक डाग उठला. जांभळट, तपकिरी, कुठेतरी जोरात आपटल्यावर पडतो तसा. दुखत नव्हता, खाजत नव्हता. मग छातीवर दोन, दंडावर एक. हळूहळू ते जाड झाले. पहिल्या डॉक्टरनं गजकर्णाचं मलम दिलं. ते संपल्यावर दुसऱ्यानं दुसरं मलम दिलं. तिसऱ्यानं शर्ट वर करून लांबूनच पाहिलं आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'महारोगाची शंका.'

महारोगाचा चट्टा बहुधा फिका किंवा लालसर असतो आणि तिथली संवेदना गेलेली असते. एक टाचणी घेऊन हळूच टोचली असती तर माळगे 'आई गं' म्हणाले असते आणि शंका तिथंच ढिली झाली असती. टाचणी कुणी घेतली नाही. चिठ्ठी मात्र कारखान्यात पोचली. दुसऱ्या दिवसापासून कॅन्टीनमध्ये माळग्यांचा गिलास वेगळा. जेवणाच्या सुट्टीत बाकावर त्यांच्या शेजारी कुणी बसेना. इतकी वर्षं ज्यांच्यासोबत डबा खाल्ला ती माणसं! आणि खरोखर महारोग असता तरी काय? गोळ्यांनी बरा होतो तो. गिलास वेगळा ठेवायचं कारण तेव्हाही नव्हतं.

शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञानं शहाणपणा केला. डागाचा तुकडा काढून आमच्याकडे पाठवला आणि सोबत रक्तही पाठवलं. रक्ताची काच मी मायक्रोस्कोपखाली घेतली. प्लेटलेट अगदी विरळ. आणि मधेच काही पेशी अशा, की मी खुर्ची पुढे ओढली. मोठ्या, कोवळ्या, एका बाजूला शेपटासारखा आकार बाहेर आलेला, आणि आतल्या कडेनं बारीक पोकळ्यांची रांग, मण्यांची माळ ओवावी तशी. अशा पेशी मी तोवर पुस्तकातच पाहिल्या होत्या.

हाडातला मगज, म्हणजे बोन मॅरो, तपासायला माळग्यांना बोलावलं. कमरेच्या हाडातून सुईनं मगज काढतात. ते काम मीच करत असे. टेबलावर पालथे पडल्यावर ते म्हणाले, "मॅडम, आदी एक सांगा. ह्यो महारोग हाय का न्हाय?"

"नाही."

"नक्की न्हाय?"

"नक्की नाही. पण माळगे, हा रक्ताचा कॅन्सर असावा असं मला वाटतंय. आज तपासून नक्की सांगते."

ते कोपरावर थोडे उठले. मग म्हणाले, "मग तेवडं लिवून द्या की. महारोग न्हाय म्हणून. कंपनीत दावतो."

मान वळवून ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या तोंडावर सुटका दिसत होती. कॅन्सर आहे हे ऐकून माणसाला हायसं वाटावं, अशी वेळ आपण त्याच्यावर आणली होती. त्या दिवशी हातात सुई होती म्हणून मी काही बोलले नाही.

आता आजाराविषयी थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. रक्तातल्या पेशींची वेगवेगळी घराणी असतात. कुणी प्राणवायू वाहून नेतात, कुणी जंतूंशी लढतात, कुणी रक्त थांबवतात. कॅन्सर सुरू होतो एका पेशीत. ती बिघडते, तिच्या दोन होतात, दोनाच्या चार. म्हणून आमचा पहिला प्रश्न असतो, मूळची पेशी कोणत्या घराण्यातली? ते कळलं तर औषध ठरवता येतं. माळग्यांच्या आजाराचं मूळ भल्याभल्यांना बरीच वर्षं सापडत नव्हतं. आधी लढाऊ पेशींच्या एका जातीवर आळ घेतला, तसं नावही दिलं. मग ते नाव रद्द झालं. पुढे कळलं, की शरीरात विषाणू शिरला की सगळ्यात आधी ओरडून बाकीच्यांना जागं करणाऱ्या काही थोड्या पहारेकरी पेशी असतात, त्यांच्यातलीच एखादी फिरते. आता त्याचं नाव 'ब्लास्टिक प्लाझ्मासायटॉइड डेन्ड्रिटिक सेल निओप्लाझम'. ते म्हणता म्हणता मलाही दम लागतो. फार दुर्मीळ. बरेचदा आधी कातडीवर दिसतो, म्हणूनच माणसं मलमं चोळत राहतात.

पेशींना रंगीत खुणा लावून ओळख पटवायची तपासणी पुण्याला पाठवली. उत्तर आलं ते माझ्या अंदाजाचंच. गुणसूत्रांचं काम आमच्याकडेच होतं. ते करायची माझी तंत्रज्ञ रझिया. विजापूर वेशीजवळची, बोलणं अर्धं दख्खनी, हात अतिशय स्थिर. या कामाला पेशी जिवंत लागतात. मगजातल्या पेशी उबेत ठेवायच्या, त्यांना वाढू द्यायचं, आणि एकीच्या दोन होत असताना नेमकं थांबवायचं. त्या एका वेळीच गुणसूत्रं सुटी सुटी दिसतात. काचेवर थेंब टाकायचा, रंगवायचं, फोटो काढून तेवीस जोड्या लावायच्या. हे किती वेळा सांगितलं तरी एका नर्सिंग होममधून मगज यायचा तो फॉर्मॅलिनमध्ये बुडवून, लोणच्यासारखा मुरलेला. रझिया बाटली वर धरून म्हणायची, "मॅडम, ये तो कब के मर गये. इनकू क्या वाढाना?" त्या पेशंटच्या हाडात दुसऱ्यांदा सुई घालावी लागायची. पाठवणाऱ्या डॉक्टरला ती सुई एकदा टोचावी असं मला फार वाटे.

माळग्यांचा मगज नीट वाढला. प्रत्येक गुणसूत्राला एक आखूड आणि एक लांब हात असतो; फोटोत पाचव्याच्या लांब हाताचा तुकडा गायब, बाराव्याच्या आखूड हाताचा गायब, तेराव्यांपैकी एक मुळातच नाही. या आजारात असे तुकडे हरवतात. एकाच पेशीत इतकी पडझड म्हणजे लक्षण चांगलं नव्हे.

मी तिघांना केबिनमध्ये बसवलं आणि कागदावर चित्र काढून सगळं सांगितलं. महानंदाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या. भाग्यश्रीनं विचारलं, "मॅडम, बाबांच्या सगळ्याच पेशी अशा झाल्यात का?"

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. मी म्हटलं, "नाही. बहुतेक बिघडलेल्या आहेत, पण काही अगदी निरोगी आहेत. बघ, ह्या फोटोत सगळ्या जोड्या पुऱ्या."

"म्हणजे जन्मतः नव्हतं हे."

"बरोबर. जन्मतः असतं तर प्रत्येक पेशीत दिसलं असतं. हे अलीकडे झालंय, एका पेशीत. त्यांना कुणाकडून आलेलं नाही आणि ते कुणाला देणारही नाहीत."

"ऐकलं का?" माळगे बायकोला म्हणाले. "तुज्या माहेरचं न्हाय म्हणत्यात." त्यातही त्यांना चेष्टा सुचली. महानंदाबाई हसता हसता रडल्या.

इथपर्यंत माझं काम झालं होतं. आमच्या वॉर्डात दाखल झालेल्या माळग्यांना प्लेटलेटची गरज होती, म्हणून त्यांच्या एका मावसभावानं नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मदतीचं आवाहन टाकलं आणि सोबत माझ्या रिपोर्टाचा फोटोही टाकला. त्याचा हेतू चांगलाच होता. फोटो या ग्रुपवरून त्या ग्रुपवर गेला आणि भाग्यश्रीच्या होणाऱ्या नवऱ्याच्या, प्रवीणच्या, मामांपर्यंत पोचला. हे मामा ज्युनियर कॉलेजात प्राध्यापक. विषय जीवशास्त्र.

ते आधी फोन करून माझ्या केबिनमध्ये आले. इस्त्रीचा शर्ट, अतिशय सभ्य बोलणं. मोबाइल माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "मॅडम, मी अनुवंशशास्त्र शिकवतो. इथं स्पष्ट लिहिलंय, गुणसूत्रांत अनेक बिघाड. मुलीच्या बापाला असेल तर मुलीत येण्याची शक्यता नाकारता येत नाही."

मी त्यांना तोच फोटो दाखवला, निरोगी पेशींचा. भाग्यश्रीला सांगितलं तेच सांगितलं, थोडं अधिक खोलात. ते शांतपणे ऐकत होते, मधे मधे मान डोलावत होते. शेवटी म्हणाले, "पटलं. तुमचं शंभर टक्के पटलं मला."

"मग आता घरी जाऊन हेच सांगा."

"मॅडम, मला पटलं हो. पण पाहुण्यारावळ्यांना कोण समजावत बसणार? उद्या काही झालं तर मामा प्राध्यापक असून गप्प बसला म्हणतील. कशाला जोखीम?"

अडाण्याचा मला कधी राग आला नाही. त्याला सांगता येतं. या माणसाला सगळं कळत होतं, वर्गात फळ्यावर तो हेच शिकवत होता, आणि तरीही एका पोरीच्या कपाळावर तो डाग ठेवून निघाला होता, का, तर लोकांना समजावायचा कंटाळा! मी दार उघडून धरलं. "सर, तुमच्या विद्यार्थ्यांची मला काळजी वाटते," एवढंच म्हणाले. त्यांना ते लागलं की नाही कोण जाणे. नमस्कार करून गेले.

पुढच्या आठवड्यात प्रवीण स्वतः आला. मुलगा वाईट नव्हता. खुर्चीच्या कडेवर बसला, हेल्मेट मांडीवर. म्हणाला, "मॅडम, माझं भाग्यश्रीशीच लग्न करायचं पक्कं आहे. तुम्ही फक्त तिचं रक्त तपासून द्या. क्रोमोसोम नॉर्मल आहेत असं सर्टिफिकेट द्या. मी घरी सगळ्यांना दाखवतो. विषय संपतो."

खरं सांगते, क्षणभर मला ते सोपं वाटलं. तपासणी आमच्या हातातली, उत्तर आधीच ठाऊक. एका कागदानं लग्न वाचत असेल तर का नाही द्यायचा? पण मग मनात आलं, की असं सर्टिफिकेट दिलं म्हणजे ते मागायला कारण होतं हेच मी सही करून मान्य करणार. आणि मुलीचं मागतोयस, तसं तुझंही काढू का, असं विचारलं तर? मी विचारलंच. तो गोंधळून म्हणाला, "माझं कशाला?"

"मी भाग्यश्रीला विचारते," मी म्हटलं. "रक्त तिचं आहे."

ती संध्याकाळी वडिलांचा डबा घेऊन आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली. डब्याची पिशवी मांडीवर घट्ट धरून. म्हणाली, "तुम्ही माझ्या जागी असता तर?"

"मी तुझ्या जागी नाही. तू हो म्हणालीस तर मी देईन, आणि तुला कुणी कमी समजणार नाही."

"आज क्रोमोसोमचं मागितलंय. उद्या पोर झालं आणि त्याला ताप आला, तर पुन्हा माझंच रक्त काढतील की हो मॅडम." ती उठली. "लिहू नका. प्रवीणला मी सांगते."

तिनं सांगितलं आणि लग्न मोडलं. प्रवीणनं नंतर दोनदा फोन केला, एकदा माफी मागितली. वर्षाच्या आत त्याचं दुसरीकडे जमलं. त्या मुलीचं रक्त कुणी तपासलं नसणार.

माळग्यांना यातलं बरंचसं कळू दिलं नव्हतं. पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात त्यांची केमोथेरपी सुरू झाली. डाग विरघळल्यासारखे गेले. पण हा आजार असा आहे की औषधाला लवकर दबतो आणि तितक्याच लवकर उलटतो. दबलेला असतानाच दुसऱ्याचा निरोगी मगज रोवला तर काही आशा असते. सख्खा भाऊ नव्हता. दोन बहिणींची तपासणी झाली, त्या जुळल्या नाहीत. मुलगी वडिलांशी निम्मी जुळतेच, आणि निम्म्या जुळणीवरही हल्ली हे काम होतं.

म्हणजे पाहुण्यांनी ज्या मुलीच्या रक्ताला नाव ठेवलं, तिच्याच रक्तावर आता बापाचा जीव होता. तिनं इंजेक्शनं घेतली, त्यामुळे हाडातल्या मूळ पेशी रक्तात उतरतात. मग एका हातातून रक्त यंत्रात, यंत्रात त्या पेशी वेगळ्या, बाकीचं रक्त दुसऱ्या हातातून परत. ती पिशवी त्याच दिवशी वडिलांच्या शिरेत लावली. मला तिनं फोन केला तेव्हा म्हणाली, "मॅडम, टोमॅटोच्या साराएवढं पातळ दिसत होतं. एवढ्यानं होईल का?"

झालं. माळगे बऱ्याच महिन्यांनी सोलापुरात परतले. अंगानं निम्मे, डोक्यावर नवे मऊ केस. पुण्याच्या डॉक्टरांनी पुढच्या तपासण्या आमच्याकडे सोपवल्या. पहिला मगज काढला आणि मी रझियाच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. बाईच्या पेशीत दोन एक्स असतात, पुरुषाच्या पेशीत एक एक्स आणि एक वाय. बापाच्या हाडात आता जर मुलीच्या पेशी रुजल्या असतील, तर तिथं वाय दिसता कामा नये. रझिया एकेक पेशी पाहत होती, ओठ हलवत होती. बऱ्याच वेळानं तिनं डोळे वर केले. "मॅडम, एक भी वाय नै. सब बेटी के!" आणि टेबलावरच थाप मारली. मायक्रोस्कोपजवळ कुणी थाप मारली तर मी ओरडते. त्या दिवशी नाही ओरडले.

पाचवं पूर्ण, बारावं पूर्ण, तेरावी जोडी जागेवर. मी रिपोर्ट लिहिला. सेहेचाळीस गुणसूत्रं, दोन एक्स, सर्व पेशी दात्याच्या.

तो रिपोर्ट घेऊन माळगे कामावर हजर व्हायला गेले आणि कारखान्यातून मला फोन आला. कर्मचाऱ्यांचं खातं बघणारा अधिकारी होता. "मॅडम, तुमच्याकडे सॅम्पलची अदलाबदल झालीय. माणूस पुरुष आणि रिपोर्ट बाईचा."

मी समजावलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे आता याच्या अंगात बाईचं रक्त आहे. मग हा जड काम करू शकेल असं तुम्ही लिहून देता का?"

मी फोन ठेवला आणि रिक्षा करून थेट चिंचोळीला गेले. त्या माणसाच्या केबिनबाहेर एक बाई डोक्यावर सुताचा गठ्ठा घेऊन चालली होती. मी त्याला म्हटलं, "या बाईंना आत बोलवा आणि मला जे विचारलंत ते यांना विचारा." त्यानं विचारलं नाही. मी आवाज चढवला होता हे खरं आहे. माणसं काम थांबवून काचेतून बघत होती. मी म्हटलं, "आधी न झालेल्या महारोगासाठी याचा गिलास वेगळा ठेवलात. आता बरा होऊन आलाय तर बाईचं रक्त म्हणून बाहेर ठेवताय. तुम्हाला हा माणूस नको असेल तर सरळ तसं लिहून द्या. माझ्या रिपोर्टाच्या आड लपू नका." लिहून द्यायला तो तयार झाला नाही. माळग्यांना स्टोअरमध्ये बसून करायचं काम मिळालं.

परतताना गेटपर्यंत माळगे सोबत आले. "मॅडम, पोरं मला आता सिद्दव्वा म्हणत्यात," ते म्हणाले. "सिद्राम नव्हं, सिद्दव्वा. कानडीत बाईचं नाव."

"आणि तुम्ही ऐकून घेता?"

"घेतो की. लेकीचं रगत हाय अंगात, त्यात लाज कसली? आन् आता गिलास येकच हाय. माज्या उष्ट्या गिलासातनं पानी पित्यात." ते लई खूश होते. रिक्षात बसेपर्यंत मला राग सोडून दुसरं काही सुचत नव्हतं आणि ज्याच्यासाठी भांडले तो माणूस हसत हात हलवत उभा होता.

पुढची दोनेक वर्षं चांगली गेली. दर तपासणीला दोन एक्स. माळगे येताना रझियासाठी शेंगाची चटणी आणायचे. एकदा मात्र ते आले तेव्हा पिशवी नव्हती. शर्टाचं वरचं बटण काढून त्यांनी खांदा दाखवला. जांभळट, तपकिरी डाग.

"हितं आपटलं न्हाय मॅडम," ते म्हणाले. "मला आटवत न्हाय आपटल्यालं."

मगजाच्या काचेवर बऱ्याच पेशी निरोगी होत्या, दोन एक्सवाल्या. पण त्यांच्यामध्ये त्या जुन्या पेशी पुन्हा आल्या होत्या, एक एक्स, एक वाय, पाचव्याचा तुकडा नसलेला, तेरावं हरवलेलं. सगळ्या औषधांतून कुठेतरी एखादी लपून राहिली होती. रझियानं फोटो माझ्यासमोर ठेवला आणि नमाजाआधी हातपाय धुवायला, वुजू करायला, निघून गेली.

त्यानंतर माळगे फार दिवस राहिले नाहीत. आमच्याच रुग्णालयात गेले, मुलीचा हात हातात असताना.

दोन-तीन दिवसांनी मी शुक्रवार पेठेत त्यांच्या घरी गेले. पुढची खोली माणसांनी भरलेली, गावाकडून आलेली मंडळी भिंतीला टेकून बसलेली. भाग्यश्री कोपऱ्यात. महानंदाबाईंच्या शेजारी माळग्यांची थोरली बहीण बसली होती. मी टेकते न टेकते तोच आत्याबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पोरीचं रगत घातलं, तितंच चुकलं बगा. बाईमाणसाचं रगत गड्याला कसं मानवंल? तवाच नगं म्हणाय पायजे हुतं."

एकदोघांनी मान हलवली. भाग्यश्री जमिनीकडे बघत होती.

दुःखाच्या घरात डॉक्टरनं बोलू नये, असं मी नोकरीभर पाळलं. त्या दिवशी नाही पाळलं. "आत्या," मी म्हटलं, "तुमचा भाऊ गेला, तुमचं दुःख मोठं आहे. पण हे तुम्ही चूक बोललात, आणि हिच्यासमोर बोललात, म्हणून मला बोलावं लागतंय. मी तपासलंय त्यांचं रक्त, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ज्या पेशींनी त्यांना मारलं त्या त्यांच्या स्वतःच्या होत्या. हिच्या नव्हत्या. हिच्या पेशींनी त्यांना दोन वर्षं जगवलं. ते कामावर गेले, हसले, तुमच्या नातवाच्या जावळाला येऊन जेवून गेले, ते सगळं हिच्या रक्तावर. तुमचं जुळलं असतं तर तुमचं घातलं असतं. जुळलं नाही, यात तुमचाही दोष नाही. पण हिला पुन्हा कुणी नाव ठेवलेलं मी ऐकून घेणार नाही."

खोलीत कुणीतरी खाकरलं. महानंदाबाई पदरात तोंड घालून बसल्या होत्या.

भाग्यश्रीनं पहिल्यांदा मान वर केली. लग्न मोडलं तेव्हा ती माझ्यासमोर रडली नव्हती, वडील गेले तेव्हाही नाही. तिनं अगदी हळू विचारलं, "माझ्या पेशी शेवटपर्यंत होत्या का, मॅडम?"

"होत्या. शेवटच्या काचेवर जेवढ्या निरोगी पेशी सापडल्या, तेवढ्या सगळ्या तुझ्या होत्या."

ती उठली, माणसांमधून वाट काढत आली आणि आत्यांच्या शेजारी बसून मोठ्यानं रडायला लागली. थोड्या वेळानं आत्यांनी तिचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला, बाही वर सारली, आणि कोपराच्या खळग्यातली शीर अंगठ्यानं चाचपत बसल्या.